हणमंताच्या मंगलाष्टका

नदीकाठच्या एका गावात हणमंत नावाचा एक भोळा माणूस राहायचा. गळा गोड, पण शब्द पावसाळ्यात सर्दावलेल्या गुळासारखे एकमेकांना चिकटलेले. कोणता कुठं संपला ते ऐकणाऱ्याला समजायचं नाही.

त्याच्या धाकट्या बहिणीचं, सुगंधाचं, लग्न ठरलं. मंगलाष्टका दादानंच म्हणायच्या, असा तिचा हट्ट. सासरची माणसं गाण्यातली, तेव्हा शब्द तेवढे स्पष्ट येऊ देत, असंही तिनं बजावलं. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. तो चुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर.

हणमंत भजनी मंडळाच्या कोंडिबाबुवांकडे गेला. बुवांनी सांगितलं, तोंड चांगलं उघड आणि शब्द असा टाक की पार शेवटच्यालाही ऐकू गेला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शेजारी बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या, बाळाचा नुकताच डोळा लागत होता. हणमंत आत शिरला आणि शेवटी कोण आहे ते त्यानं पाहिलं. शेवटी गोठ्यात म्हैस होती. तिला ऐकू जाईल असा पाळणा त्यानं म्हटला. बाळानं टाहो फोडला, म्हैस दावं तोडून गेली. बाळाच्या आजीनं त्याला बाहेर काढता काढता शिकवलं, "हळू म्हणावं रे बाबा. डोळे मिटले की गप्प बसावं."

हणमंतानं ते मनात पक्कं धरलं.

शनिवारी मारुतीच्या देवळात बुवांनी त्याला सरावासाठी आरती सांगायला उभं केलं. हणमंतानं हळूच सुरुवात केली. पुजाऱ्यानं भक्तीनं डोळे मिटले. हणमंत गप्प बसला. टाळ थांबले, घंटा थांबली. आता सुरू होईल, मग सुरू होईल, म्हणून पुजारी पेटत्या कापराचं ताट धरून तसाच उभा. शेवटी त्याची बोटं भाजली.

बुवांनी कपाळाला हात लावला. "डोळे कसले बघतोस? समोरच्याला शब्द कळला का ते बघ. कळल्याशिवाय पुढं जायचं नाही."

"अजिबात नाही जाणार," हणमंत म्हणाला.

लग्नाचा दिवस आला. अंतरपाट धरला. वधूवर हार घेऊन उभे. हणमंताचा शब्द न् शब्द सुटा, स्वच्छ. सासरची माणसं माना डोलवू लागली, सुगंधा मनात सुखावली. बारा वाजून सहा मिनिटांनी हणमंतानं 'शुभमंगल' म्हटलं आणि समोर पाहिलं. समोर नवरदेवाचे आजोबा बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. कानांनी अधू.

"आबा, कळलं का?"

"आँ?"

हणमंतानं पुन्हा म्हटलं. आबांनी पुन्हा कानाला हात लावला. गुरुजी पुढचं म्हणायला गेले, तर हणमंतानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. वऱ्हाडी मुठीत अक्षता आवळून उभे.

"दादा, म्हण की रे पुढचं," अंतरपाटामागून सुगंधा रडवेली होऊन म्हणाली.

"तुला कळलं गं. आबांचं काय?"

मग त्यानं आबांना शुभ म्हणजे काय ते समजावलं. मग मंगल घेतलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, पंचांग उघडलं, दिवाळीनंतरची तारीख काढून दिली. वऱ्हाड जेवलं आणि टेम्पोत जाऊन बसलं. आबा तेवढे राहिले, म्हणून नवरदेव त्यांना न्यायला मांडवात परत आला आणि हणमंताशेजारी उभा राहिला.

तेवढ्यात आबांचा चेहरा उजळला. "कळलं, कळलं. होऊ दे पुढचं."

हणमंतानं मोकळ्या गळ्यानं 'सावधान' म्हटलं.

आबांनी मूठ उघडली, समोरच्या दोघांवर अक्षता टाकल्या आणि म्हणाले, "नांदा सौख्यभरे."