रंगाऱ्याची चिंधी

एका ओढ्याच्या डोहाकाठी जिवाजी नावाच्या रंगाऱ्याचा कारखाना होता. त्याची लाल पागोटी अशी देखणी, की नवरदेव दुसऱ्याचं पागोटं डोक्याला लावून घेत नसत. त्या कारखान्यावर चाळीस घरांच्या चुली पेटत.

तिथे बापजाद्यांपासूनची एक रीत होती. रोज सकाळी एक पांढरी चिंधी डोहात बुडवायची आणि दारावर वाळत घालायची. पांढरीच वाळली तर पाणी चांगलं, मग कामाला हात लावायचा. लाल रंगाला पाणी स्वच्छ लागतं, नाहीतर तो काळवंडतो.

पुढे जिवाजीने निळीचं कामही काढलं. खप वाढला, आणि दिवसाअखेर उरलेल्या निळीची पिंपं डोहात रिकामी होऊ लागली. तेव्हा त्याचा जुना कारागीर केरोबा म्हणाला, "मालक, तीन खड्डे खणू. रेतीकोळशातून गाळून मगच पाणी सोडू."

"का? कुणाची तक्रार आलीय?"

"अजून नाही आली. म्हणूनच आत्ता म्हणतोय."

"रिकामे उद्योग! खड्डे खणायला आपण काय उंदीर आहोत?"

केरोबाने काम सोडलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याने स्वतःचं छोटं दुकान थाटलं. आधी खड्डे खणले, मग भट्टी लावली. पहिली दोन वर्षं त्याची फार ओढाताण झाली, हे खोटं कशाला सांगू? पण खड्ड्यात बसलेली नीळ तो पुन्हा वापरी, आणि हळूहळू त्याचं बस्तान बसलं.

इकडे एका सकाळी जिवाजीची चिंधी करडी वाळली. आता शहाण्या माणसाने काय करावं? या पठ्ठ्याने चिंधी बुडवायची जागाच बदलली! डोहाच्या वर, जिथे ओढ्याचं ताजं पाणी येतं, तिथे तो ती बुडवू लागला. चिंधी लगेच पांढरी झाली.

त्याची बायको भिवरा म्हणाली, "अहो, चिंधी वर बुडवली म्हणून खालचा डोह निवळतो होय?"

"तू गप्प बस. दारावर पांढरी दिसतेय ना?"

दारावर पांढरीच दिसत होती. पागोटी मात्र सुकल्या वांग्याच्या रंगाची निघू लागली. व्यापारी गठ्ठेच्या गठ्ठे परत धाडू लागले. तीस वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक तर भांडलंसुद्धा नाही. पागोटं ओट्यावर ठेवून ते निघून गेलं आणि पुन्हा फिरकलं नाही.

जिवाजी तडक केरोबाच्या दारात जाऊन ओरडला, "तुझ्या घाणीने माझा डोह नासला!"

केरोबा शांतपणे म्हणाला, "मालक, तुमची चिंधी हल्ली ज्या पाण्यात बुडते, ते माझ्याच अंगणावरून येतं. ती पांढरी वाळते ना?"

जिवाजी आल्या पावली मागे फिरला. घरी येऊन त्याने तिनाच्या जागी पाच खड्डे खणले. पण बैल गेला नि झोपा केला! नीळ डोहाच्या तळाच्या चिखलात मुरली होती. पाणी हललं की ती वर येई. तीन उन्हाळे त्याने वाट पाहिली. डोहात बुडवलेली चिंधी करडीच वाळत राहिली. एकेक करून चाळीस चुली विझल्या. काही कारागीर केरोबाकडे गेले, बाकीची घरं कुलपं लावून परमुलखात गेली. काय सांगावं, जीव तुटतो त्या चाळीस घरांची आळी आठवली की.

शेवटी एके दिवशी जिवाजी केरोबासमोर उभा राहिला. "काही काम असेल तर दे बाबा."

केरोबाचे डोळे भरून आले. "सकाळची चिंधी तुम्ही बघा, मालक. त्या कामात आता तुमच्याइतका जाणता कुणी नाही."

आता रोज सकाळी जिवाजी चिंधी बुडवतो, दारावर घालतो आणि ती वाळेपर्यंत खाली बसून राहतो. ती पांढरीच वाळते. पण ते दार त्याचं नाही.

तात्पर्य: ज्या पाण्यावर आपला धंदा उभा, ते कुणी बोलायच्या आधीच जपावं. नासल्यावर केलेली धावपळ धंद्याला वाचवत नाही, आणि आपल्यावर विसंबलेल्या घरांनाही नाही.