'ये' हरवलेला राजा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. शूर होता, पण कामापुरता मामा. बैल आंधळा झाला, हाकलला. कुत्र्याला खरूज झाली, हाकलला. रणात ज्या घोडीने त्याचा जीव वाचवला ती पवनी लंगडी झाली, तर तिलाही वेशीबाहेर काढून म्हणाला, "जा!"

वेशीवर मायाधर मांत्रिक बसला होता. तो म्हणाला, "राजा, घरातून निघणारा माणूससुद्धा 'येतो' म्हणून निघतो. तू मुक्या जिवाला 'जा' म्हणालास. तुझ्या जिभेवरचा 'ये' मी काढून घेतला."

राजा हसला. संध्याकाळी लाडकी लेक हंसगौरी धावत आली. राजा "ये" म्हणायला गेला, तोंडून निघाले "जा!" पोर मानी, बापावरच गेलेली. नदीपलीकडच्या आश्रमात निघून गेली. राजाने पालखी पाठवली, ती रिकामी परतली. "बाबा स्वतः 'ये' म्हणतील तेव्हाच येईन," असा निरोप आला. राजाला अन्न गोड लागेना.

तेव्हा महालातली साळुंकी बोलली, "महाराज, तुम्ही हाकललेले तीन जीव आपल्या पायांनी परतले तर शाप सुटेल. दोर लावायचा नाही."

राजाने हत्तीखान्यात टाकलेल्या जनावरांसाठी पांजरपोळ उघडला. संगमरवरी गव्हाणी बसवल्या, दारात तुताऱ्या वाजवल्या. राजेच ते, दुसरे काय सुचणार! एक शेळीसुद्धा फिरकली नाही.

मग त्याने तुताऱ्या थांबवल्या, मुकुट उतरवला आणि स्वतः शेण काढू लागला. हिरव्या चाऱ्याच्या वासावर आंधळा बैल आला. मागोमाग पवनी आली आणि राजाकडे पाठ करून उभी राहिली. राजा तिचा खूर शेकत बसला. त्याला फार रडू आले.

कुत्रा मात्र कुंपणापर्यंत येई आणि हात हलला की पळे. माणसांच्या हातून त्याने दगडच खाल्ले होते. राजा खरजेवरचे करंजाचे तेल नि भाकरी शेजारी ठेवून पाठमोरा बसू लागला. पावसाळा सरला, थंडी पडली. एका सकाळी त्याच्या पाठीला ओले नाक लागले.

"शाप सुटला!" साळुंकी म्हणाली. "महाराज, लेकीला हाक मारा."

"हाक कशाला? चूक माझी, वाट तिने का तुडवावी? मीच जातो."

राजा पायी गेला, नदी उतरला, आश्रमाच्या दाराबाहेर उभा राहिला. अंगाला शेणाचा वास, हातांना घट्टे. आता 'ये' म्हणता येत होते, पण त्याने नुसते हात पुढे केले. हंसगौरीने ते हात पाहिले आणि दार सताड उघडले.

"बाबा," ती म्हणाली, "या ना आत."

त्या राज्यात पांजरपोळाला पुन्हा कडी लागली नाही. राजाला लेक मिळाली, तसे ज्याचे कुणी नाही त्याला दार मिळो.