पवळ्याने पाऊल उचलले नाही

फार पूर्वी कुंदवती नगरीवर राजा जयसेन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी बैल होऊन जन्मला. पवळ्या त्याचे नाव. डोळ्यांना झापडे बांधून तो दिवसभर घाण्याभोवती फिरे.

तेल्याचे नाव रोहक. या माणसाबद्दल मला धड बोलवत नाही. कुणा तपस्व्याकडून तो ध्यान शिकून आला होता. अंगणात, घाण्याशेजारीच, आसन घालून डोळे मिटून बसे. शेजारीपाजारी म्हणत, "काय शांत माणूस!" शांत कसला डोंबलाचा! डोळे उघडले की भाकरी करपली म्हणून बायकोवर ओरडे, आणि उरलेला राग बैलाच्या पाठीवर काढी. वड्याचे तेल वांग्यावर, दुसरे काय.

बायको सुमना घाण्यापाशी बसे. लाट, म्हणजे बैल ओढतो तो घाण्याचा जाड लाकडी दांडा, उखळात फिरताना तीळ कडेला वर चढतात, ते हाताने आत लोटावे लागतात. हात घालायचा तो बैलाच्या पावलाच्या अंदाजाने, आणि लाट यायच्या आत काढायचा. झापडांमुळे पवळ्याला तिचा हात दिसत नसे. तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत तो एकेक पाऊल जपून टाकी. मानेवर जू आणि पाठीवर वळ असले तरी त्याचे लक्ष तिथून हलत नसे.

एके सकाळी रोहक ध्यानाला बसला आणि घाणा कुरकुरू लागला.

"बंद कर ती कटकट!" तो डोळे मिटूनच ओरडला.

"राजवाड्यातल्या दिव्यांना तेल आजच द्यायचंय," सुमना म्हणाली. "बंद कसा करू?"

बोलता बोलता तिची बांगडी उखळाच्या चिरेत अडकली. लाट वीतभरावर होती. बांगड्यांचा आवाज थांबला तसा पवळ्याही जागच्या जागी थांबला.

रोहक काठी घेऊन उठला. "माझं ध्यान मोडलंस, आणि आता अडून बसतोस? राजवाड्याचं तेल काय तुझा बाप काढणार?" मघाशी घाणा थांबव म्हणणारा हा प्राणी, आता थांबला म्हणून चवताळला! त्याने पवळ्याला झोडपायला सुरुवात केली.

"अहो, थांबा! हात अडकलाय माझा!" सुमना किंचाळली. पुन्हा किंचाळली. स्वतःचा श्वास ऐकायला शिकलेल्या त्या शहाण्याला बायकोची हाक ऐकू गेली नाही.

पवळ्याला राग आला नाही असे कुणी समजू नका. त्याच्याही तळपायाची आग मस्तकात गेली होती. वळून एक शिंग मारले असते तर रोहक पुन्हा उठला नसता. पण मान वळली असती तर लाटही फिरली असती. 'राग माझा, आणि चिरडणार हिचा हात,' हे त्याने जाणले. त्याने खूर मातीत रोवले. पाठ फुटली, रक्त गळू लागले, तरी त्याने पाऊल उचलले नाही.

शेवटी काठी मोडली. तेव्हा कुठे रोहकाला रडणे ऐकू आले. धावत जाऊन त्याने बांगडी फोडली. हात शाबूत निघाला.

"हाक का मारली नाहीस?" त्याने विचारले. विचारायला लाजही वाटली नाही मेल्याला!

"मारत होते," सुमना म्हणाली. "बैलानं ऐकली."

रोहकाने पवळ्याची झापडे सोडली आणि पाठ धुऊन हळद लावली. दुसऱ्या दिवसापासून तीळ लोटायला तो स्वतः बसू लागला.

ही कथा तथागतांनी विहारात भिक्खू वप्पकाला ऐकवली. अंगण झाडण्याच्या आवाजाने ध्यान मोडले म्हणून त्याने वृद्ध भिक्खुणी सुरसा हिचा खराटा हिसकावून मोडून टाकला होता.

"वप्पका, तेव्हाचा रोहक तू होतास," तथागत म्हणाले. "सुमना म्हणजे ही सुरसा, आणि तो बैल मी. राग येईल. तो आलेला असताना आपले पाऊल कुणाच्या हातावर पडेल याचे भान ठेवणे, हीच क्षांती, हीच खरी सहनशीलता."

वप्पकाने मान खाली घातली. मग तो उठला आणि सुरसेची क्षमा मागून तिच्यासाठी नवा खराटा बांधायला बसला.