ओल्या लाकडाचं म्यान

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा जनावरं माणसांशी बोलायला लाजत नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी एक लोहार राहायचा. त्याच्या सुऱ्या रानभर नावाजलेल्या. सांबराचं गळून पडलेलं शिंग शोधून आणायचं, त्याची मूठ करायची आणि ती लाखेनं पात्याला बसवायची, अशी त्याची रीत. म्यान शिवणीच्या लाकडाचं. पण ते लाकूड आधी वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर वाळवल्याशिवाय तो त्याला हात लावत नसे.

त्याची लेक येसू यंदा पहिल्यांदाच मामाबरोबर कड्यावरचा मध काढायला निघाली होती. बापानं जीव ओतून तिच्यासाठी सुरी घडवली. नुसतं बोट लागलं तरी रक्त यावं, अशी धार! मग माळ्यावर पाहतो, तर वाळलेलं लाकूड संपलेलं.

उघडी सुरी कमरेला लावून पोर कडा उतरणार? त्यानं शिवणीची ताजी फांदी तोडली आणि तीच कोरायला बसला.

तिकडून एक साळू आली आणि बघत उभी राहिली.

“काय रे दादा, एवढी धार काढलीस आणि आता तिला कोंडतोस? माझे काटे बघ, उघडेच असतात.”

“तुला कमरेला बांधून कुणी कडा उतरत नाही, साळूबाई.”

साळू खुदकन हसली. खाली पडलेली एक ढलपी तिनं चावून पाहिली. “गोड लागतंय की! हे तर अजून झाडच आहे. वाळल्यावर आकसणार नाही का?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. पोर उद्या निघालीय.”

कड्याची वाट लांबची आणि उन्हाची होती. चालता चालता कमरेचं म्यान वाळत गेलं, आत आकसत गेलं. बाहेरून ते तसंच देखणं दिसत होतं.

येसू दोरावरून कड्याच्या पोटाशी उतरली. पोळ्याला धूर दिला, तशा माशा उठल्या. आणि नेमकी तेव्हाच कड्यावरची एक काटेरी वेल तिच्या पायात अडकली.

“काप गं ती वेल! मी वर ओढतो,” मामा ओरडला.

येसूनं सुरी ओढली. सुरी निघेना. लाकडानं पातं आवळून धरलं होतं. माशा तोंडावर तुटून पडल्या. शेवटी तिनं म्यान खडकावर आपटलं, पुन्हा आपटलं, तेव्हा कुठे ते फुटलं. सुरीचं टोक मोडलं, पण वेल तुटली.

मधाविना घरी आली ती सुजल्या तोंडानं, एक डोळा मिटलेला. बाप रडू लागला.

“तुला कापू नये म्हणून केलं गं, पोरी.”

“कापलं असतं तर पाला बांधला असता, बा,” येसू हळूच म्हणाली. “तिथं मला सुरी हवी होती. तू मला लाकूड दिलंस.”

तेव्हापासून त्या वस्तीत वाळलेलं लाकूड नसलं, तर सुरी कातड्यात सैल गुंडाळून देतात, आणि देताना एवढंच म्हणतात, “जपून गं.”

बाळांनो, भीतीपोटी घाईनं केलेली राखण ऐन वेळी वैरीण होते.