बरक्या फणसाची वाडी

एका रानात एक म्हातारे अस्वल राहत असे. मुलांनो, ही गोष्ट त्या अस्वलाची नाही, पण सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. तरुणपणी ते मोठे दांडगे होते. पुढे त्याचे दात पडले, नखे झिजली आणि एका वैशाखात, मधाच्या पोळ्यांनी लगडलेल्या झाडाखाली बसून ते उपाशी मेले. वर चढण्याची ताकदच त्याच्यात उरली नव्हती. हे पाच प्राण्यांनी पाहिले: एका शेकरूने, एका रानडुकराने, एका माकडिणीने, अंगभर काटे वागवणाऱ्या एका साळूने आणि एका कोल्ह्याने. पाचही जण तेव्हा ऐन तारुण्यात होते, तरी त्या दिवशी कुणालाच घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी साळूने सगळ्यांना ओढ्याकाठी बोलावले.

"आपलंही एक दिवस असंच होणार," ती म्हणाली. "अंगात जोर आहे तोवर पाच जणांनी मिळून फणसाची वाडी लावू. दर वैशाखात जेवढे फणस उतरतील, ते त्या दिवशी जेवढे भागीदार जिवंत असतील तेवढ्यांत सारखे वाटायचे. जो गेला, त्याचा वाटा उरलेल्यांना."

कोल्ह्याचे कान लगेच टवकारले. "म्हणजे जो सगळ्यांत जास्त जगेल, त्याला सगळ्यांत जास्त?"

"हो. म्हातारपणही त्यालाच जास्त काढायचं असतं ना," साळू म्हणाली.

सगळ्यांना हे पटले. माकडिणीने कापा फणस लावायचा आग्रह धरला, कारण त्याचे गरे कसे करकरीत असतात. शेकरू आणि डुक्करही तिच्याच बाजूचे. साळू मात्र अडून बसली. "कापा चावायला दात लागतात. बरक्याचा गरा नुसता जिभेवर ठेवला की घशाखाली उतरतो. ही वाडी आपण दात पडल्यानंतरच्या दिवसांसाठी लावतोय." अस्वलाची आठवण ताजी होती, म्हणून कुणी वाद घातला नाही.

इतक्यात ओढ्यातून एक कासव हळूहळू वर आले. "मलाही भागीदार करून घ्या," ते म्हणाले.

"छे," कोल्हा म्हणाला. "तुला घेतलं तर आम्ही पाच जण तुझ्यासाठीच राबलो असं होईल. तू आम्हा सगळ्यांना पोचवशील आणि वर शंभर वर्षं फणस खात बसशील."

कासवाला राग आला नाही. रागावायलाही त्याला बराच वेळ लागत असे. शेवटी सगळ्यांनी त्याला वाडीचा कारभारी केले, कारण शेवटपर्यंत हजर राहील असा रानात तोच एक प्राणी होता. कासवाने एक अडचण मात्र सांगितली. "माझी नजर अधू आहे. मला सगळी माकडं सारखीच दिसतात, आणि सगळे कोल्हेही."

हे ऐकून कोल्हा चपापला. त्याने माकडिणीकडे पाहिले. तिला चार मुली होत्या आणि चारही आईच्या वळणावर गेलेल्या. उद्या माकडीण मेली आणि तिची एखादी मुलगी तिच्या जागी येऊन बसली, तर कासवाला काय कळणार? आपला वाटा कमी होणार, हे त्याला तिथल्या तिथे दिसले.

"मग असा नियम करू," कोल्हा म्हणाला. "कुणीही नुसतं येऊन 'मी जिवंत आहे' म्हटलं, तर ते चालणार नाही. दुसऱ्या एखाद्या भागीदाराने शेजारी उभं राहून सांगायचं, की हा तोच आहे आणि जिवंत आहे. साक्ष भागीदाराचीच हवी. बाहेरच्याची नको, मुलाबाळांची तर नकोच."

"ठरलं," कासव म्हणाले. "पाच जणांनी ठरवलेलं पाच जणांनी मिळूनच बदलायचं. एकही कमी असला तर बदलायचं नाही. साक्ष नाही, तर वाटा नाही. असे राहिलेले फणस सगळ्या रानाला." कोल्हा स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला, की घरी जाताना दोनदा ठेचकाळला.

मग काम सुरू झाले. साळूने खड्डे खणले, डुकराने माती भुसभुशीत केली, शेकरूने दूरदूरच्या झाडांवरून बरक्याच्या आठळ्या आणल्या, माकडिणीने ओल्या पाल्याने रोपे झाकली आणि कोल्ह्याने कोवळी पाने खायला येणारी हरणे हाकलली. खरे सांगायचे तर कोल्ह्यानेही मनापासून काम केले. सात पावसाळ्यांनंतर पहिला फणस पिकला. कोल्ह्याला धीर कुठला? त्याने सोलायच्या आधीच तोंड घातले. फणसाच्या चिकाने त्याचे तोंड असे चिकटले, की दोन दिवस त्याला बोलता येईना. रानात फार शांतता होती, असे शेकरू पुढे कित्येक वर्षे सांगत असे.

फणस उंच लागत. माकडिणीच्या मुली ते उतरवून देत, बदल्यात एकेक फणस घेत, आणि कासवाने सांगितल्याशिवाय झाडाला हात लावत नसत. दर वैशाखाच्या पहिल्या सकाळी पाचही भागीदार ओळीने उभे राहत आणि एकमेकांची साक्ष देत. त्यात थट्टाच जास्त चाले. "हा तोच कोल्हा," माकडीण म्हणे, "जिवंत आहे, आणि बोलतोही आहे, हे आपलं दुर्दैव."

वर्षे गेली. एका हिवाळ्यात शेकरूला गरुडाने उचलले. पुढे डुक्कर तापाने गेले. दोन्ही वेळा कोल्हा रडला, पण रडता रडता त्याच्या मनात आपले गणित चालूच राहिले. पाचाचे चार, चाराचे तीन. तेव्हापासून त्याला एक खोड जडली. तो रोज सकाळी माकडिणीकडे आणि साळूकडे फेरी मारी आणि विचारी, "कसं आहे? भूक लागते का? झोप येते का?" भूक चांगली लागते असे उत्तर आले, की त्याचे तोंड पडत असे. स्वतः मात्र तो जिवाला फार जपे. ओढा ओलांडणे सोडले, उतारावर पळणे सोडले, रात्री बाहेर पडणे सोडले. मित्रांकडे गप्पांना बसणेही त्याने सोडले, कारण गप्पा मारताना म्हणे वारे बाधते.

मग माकडीण म्हातारी होऊन झोपेतच गेली. आता दोघे उरले. निम्मे फणस साळूचे आणि निम्मे कोल्ह्याचे. निम्मे म्हणजे भरपूर झाले. पण कोल्ह्याला दुसरे निम्मे दिसू लागले.

चैत्राच्या शेवटच्या दिवशी पहाटे वळवाचा पाऊस झाला. सकाळी कोल्हा नेहमीप्रमाणे साळूच्या बिळाशी गेला, तर तिथे बीळच नव्हते. वरची दरड घसरून बिळाचे तोंड दगडमातीने बंद झाले होते. कोल्हा वाकून ऐकू लागला. आतून अगदी बारीक आवाज आला.

"कोण आहे तिथे? माझा पाय दगडाखाली अडकलाय. वारा येत नाही. कुणी आहे का?"

कोल्ह्याने उत्तर दिले नाही. त्याने आजूबाजूला पाहिले. कुणी नव्हते. आपण ही दरड पाडलेली नाही, असे त्याने स्वतःला सांगितले, आणि ते खरेही होते. मग तो पावले न वाजवता मागे सरला आणि थेट वाडीकडे निघाला. मुलांनो, मला या कोल्ह्याचा इथे फार राग येतो, पण गोष्ट पुढे सांगायला हवी.

कासव ओढ्याच्या काठी उन्हात बसले होते.

"कासवदादा," कोल्हा सहज विचारल्यासारखे म्हणाला, "समजा, उद्या साळूबाई आली नाही. तिचं काही बरंवाईट झालं. तर सगळे फणस माझेच ना?"

"तुझेच," कासव म्हणाले.

कोल्ह्याने मोठा श्वास घेतला.

"फक्त," कासव सावकाश पुढे बोलू लागले, "तू तोच कोल्हा आहेस आणि जिवंत आहेस, हे सांगायला एक भागीदार घेऊन ये."

"कुठला भागीदार? मग तर मी एकटाच उरेन."

"मग तुला वाटा नाही. फणस रानाला."

"अहो, मी तुमच्यासमोर धडधडीत उभा आहे."

"एक कोल्हा उभा आहे, एवढं दिसतं. कोणता, ते मला कसं कळणार? रानात कोल्हे पुष्कळ आहेत. आणि भागीदाराचीच साक्ष हवी, हा नियम कुणी केला, ते तुला आठवत असेल."

कोल्ह्याला आठवत होते. तो असा पळत सुटला, की इतकी वर्षे जपलेले गुडघे, उतार, ओढ्यातले निसरडे दगड, कशाकशाची त्याला शुद्ध राहिली नाही.

बिळाशी येऊन तो माती उपसू लागला. खणणे हे त्याचे काम नव्हते. वाडीचे सगळे खड्डे साळूने खणले होते. थोड्याच वेळात त्याची नखे तुटली. "साळूबाई, मी आलोय," तो ओरडला. "धीर धर." आतून क्षीण हुंकार आला. तो ऐकून कोल्ह्याला आपले फणस वाचल्यासारखे वाटले.

पण ऊन चढले, उतरले, आणि आतला हुंकार थांबला.

कोल्ह्याने पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. तेव्हा त्याला भीती वाटली, आणि गंमत अशी, की त्या भीतीत फणस कुठेच नव्हते. त्याला आठवले ते चिकाने चिकटलेले आपले तोंड, आणि तेल लावून लावून ते सोडवणारी साळू. आपण कधीकाळी तरुण होतो, मूर्ख होतो, पाच जणांत हसत होतो, हे ठाऊक असलेले आता रानात तिच्याशिवाय कुणी नव्हते. ती गेली तर नुसते कासवच काय, सारे रान आपल्याला 'एक कोल्हा' म्हणणार होते. त्याला रडू आले आणि तो रडतच खणत राहिला. दिवस मावळता मावळता पंजाला काटे टोचले. त्याने दगड बाजूला लोटला आणि साळूला बाहेर ओढले. तिचे किती काटे त्याच्या अंगात रुतले, ते त्याने मोजले नाही. वारा लागताच साळूने डोळे उघडले. त्याच्याकडे बराच वेळ पाहून तिने पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी वैशाखाची पहिली सकाळ. लंगडणारी साळू आणि रक्ताळलेल्या पंजांचा कोल्हा वाडीत येऊन उभे राहिले. कोल्ह्याने आधी साक्ष दिली. "ही साळू. हीच ती. जिवंत आहे."

"आणि हा कोण?" कासवाने साळूला विचारले.

कोल्ह्याने मान खाली घातली. ती काय म्हणेल आणि का म्हणेल, ते आपल्याला ठाऊक आहे, असे त्याला वाटले.

"काल सकाळी माझ्या बिळाशी एक कोल्हा आला होता," साळू म्हणाली. "पायांचा आवाज मी ऐकला. न बोलता आला, न बोलता गेला. तो कोण होता, मला माहीत नाही. संध्याकाळी ज्याने मला बाहेर काढलं, तो मात्र हा. पहिल्या फणसाला तोंड चिकटून बसला होता, तोच. हा माझा भागीदार आहे आणि जिवंत आहे."

कोल्ह्याला यावर काहीच बोलता आले नाही. या खेपेला चीक नव्हता.

फणस उतरले, निम्मे निम्मे झाले. दोघांचेही दात आता जवळजवळ गेले होते. झाडाखाली बसून ती दोघे बरक्याचे गरे गिळत राहिली, आणि साळूचे म्हणणे किती खरे होते, ते त्या दिवशी कोल्ह्याच्या घशाला कळले. खाता खाता तो म्हणाला, "कासवदादा, आमच्यातलं एक गेलं, की दुसऱ्याची साक्ष द्यायला कुणी नाही. आणि नियम तर आता बदलता येत नाही."

"नियम बदलता येत नाही," कासव म्हणाले, "पण भागीदार पाचच असावेत, असा नियम तुम्ही कधी केलाच नव्हता. ज्याला यायचं, त्याने नवी झाडं लावावीत आणि यावं."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल तू भागीदार वाढवायचं विचारायला आला नव्हतास."

साळू खुदकन हसली. कोल्ह्यालाही मग हसू आले.

त्या पावसाळ्यात वाडीत आठळ्यांची नवी रांग लागली. माकडिणीच्या चार मुली आल्या, शेकरूचा नातू आला, डुकराची दोन पिल्ले आली. सगळ्यांत शेवटी कोल्हा स्वतः ओढ्यावर जाऊन कासवाला म्हणाला, "या वेळी तुम्हीही या."

"मी तुम्हा सगळ्यांना पोचवीन," कासवाने आठवण करून दिली. "मग माझी साक्ष कोण देईल?"

"दरवर्षी कुणाला तरी नवं घेत राहा," कोल्हा म्हणाला. "मग वाडीत नेहमी कुणीतरी असेल."

कोल्ह्याची सकाळची फेरी काही सुटली नाही. आता सगळ्या भागीदारांची बिळे आणि झाडे करताना त्याला दुपार होते. प्रश्न अजून तेच आहेत: "कसं आहे? भूक लागते का? झोप येते का?" फक्त भूक चांगली लागते असे उत्तर आले, की तो खूश होऊन पुढच्या दाराशी जातो. सगळ्यांत आधी तो साळूकडे जातो.

तात्पर्य : आपण आहोत, हे सांगायला दुसरे कुणीतरी असावे लागते, म्हणून सोबत्याचे दिवस मोजत बसू नये, ते वाढावेत म्हणून झटावे.