येसाआत्याची बोलणी

आमच्या आजोबांच्या आजोबांनीही ऐकलेलीच, इतकी जुनी ही गोष्ट. नदीकाठच्या भोवरेवाडीत येसाआत्या राहायची. तिचा भाऊ नाव चालवायचा आणि ती गावाला पोहायला शिकवायची. त्या काठाला तिच्यासारखं पोहणारं कोणी नव्हतं, आणि तिच्यासारखं चिडणारंही नव्हतं, असं म्हणतात. ती चिडली की अलीकडचे बगळे उठून पलीकडे जाऊन बसत.

चिडायला कारणही होतं. जो तो यायचा आणि म्हणायचा, आत्या, मला हात फेकत सपासप पोहायला शिकव. आत्या सांगायची, आधी उताणं पडून तरंगायला शीक. मग बेडकासारखं, डोकं वर ठेवून, पुढचं बघत. हात फेकणं सगळ्यांत शेवटी. त्यानं माणूस जोरात जातो, पण लवकर दमतो. लोक माना डोलवायचे आणि पाण्यात उतरले की पुन्हा हात फेकायचे. सांगून सांगून आत्याच्या जिभेला घट्टे पडले होते, असं म्हणतात.

तिचं डोकं सगळ्यांत जास्त खाल्लं ते मसणाजी पैलवानानं. पंचक्रोशीत त्याची पाठ कोणी मातीला लावली नव्हती. उताणं पड म्हटलं की तो छाती काढून उभा राहायचा. पाठ टेकली म्हणजे हरलो, असं त्याचं म्हणणं. अरे, पाण्यात कुठली माती आणि कुठला आखाडा, असं आत्यानं परोपरीनं सांगितलं. तो ऐकेना. शेवटी तिनं कपाळावर हात मारून त्याचा नाद सोडला.

एका वर्षी जत्रेहून परतणारी नाव भोवऱ्यापाशी उलटली. आत्याचं ऐकून ऐकून ज्यांचे कान किटले होते, ती सगळी बायामाणसं आपोआप उताणी झाली, आणि प्रवाहानं त्यांना वळणावरच्या वाळूला नेऊन लावलं. मसणाजी तेवढा हात फेकत धारेच्या उलट निघाला. त्याचे दंड भरून आले. नाकातोंडात पाणी जाऊ लागलं.

काठावरून आत्यानं हे पाहिलं आणि ती पाण्यात शिरली. बुडणारा माणूस मिठी मारतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती हातभर लांब राहिली आणि उताणी पडून विचारू लागली, "दमलास?"

"दमलो, आत्या."

"मग नीज की मेल्या. इथं कोण पंच बसलाय बघायला?"

मसणाजीनं डोळे मिटले आणि पाठ टाकली. पाण्यानं त्याला धरलं. आत्याचा आवाज असा चढला होता की भोवराही फिरायचा थांबला, असं म्हणतात. वळण येईपर्यंत ती त्याच्या उशाशी तरंगत बोलतच होती. वाळूला लागल्यावर पैलवान लहान पोरासारखा रडला. आत्या मात्र, एवढं साधं ऐकायला नाव उलटावी लागते का, असं पुटपुटत लुगडं पिळून घरी गेली.

पुढं आत्या म्हातारी झाली, आणि एका सकाळी उताणी तरंगत वळणापलीकडे गेली ती परतलीच नाही. खालून वारा आला की तिचं करवादणं अजून ऐकू येतं, असं म्हणतात.

भोवरेवाडीत आजही पोर पहिल्यांदा पाण्यात घालायचं झालं, की गावातल्या सगळ्यांत खाष्ट बाईला मानानं बोलावतात. पोर उताणं पडून निवांत तरंगेपर्यंत ती काठावरून त्याला बोलत राहते. कोणी राग मानत नाही. मग आई तिची ओटी भरते आणि पोराला हात फेकायची मुभा मिळते. ज्यानं ही बोलणी खाल्ली नाहीत, तो कितीही सपासप जावो. त्याला पोहता येतं, असं गाव म्हणत नाही.