साळूचे दोन काटे

माणसांना मोजमाप ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका डोंगराला भेग पडली. साळू नावाच्या साळिंदरिणीने भेगेच्या दोन्ही बाजूंना आपला एकेक काटा रोवला आणि त्यांच्यातलं अंतर ती रोज मोजू लागली. अंतर वाढतच होतं.

"वानरदादा, डोंगर सरकतोय. सगळ्यांना घेऊन समोरच्या टेकडीवर चला," तिने प्राण्यांच्या पुढाऱ्याला सगळ्यांदेखत विनवलं.

"अगं साळू, डोंगर जागच्या जागी आहे. सरकतायत ते तुझे काटे!" असं म्हणून वानराने एक काटा उपटला. "आता मोज बघू!"

प्रश्न मिटला म्हणून सगळे हसत घरी गेले. साळू तेवढी पिल्लांना घेऊन निघाली.

तिसऱ्या दिवशी डोंगर कोसळला. टेकडीवरून साळूने एकेकाला नावाने हाका मारल्या. कोणीच ओ दिली नाही.